टाकीने घेतलेला श्वास

फोन बंदर-साहेबांचा होता. नेहमीप्रमाणे त्यांनी उत्तर आधी सांगून टाकलं.

"बाई, लाँच ओढून आणलीय. फिटरनं फिल्टर बदलताना हलगर्जीपणा केला, डिझेलच्या लाइनीत हवा गेली, इंजिन मेलं. फिटर चौकीत आहे. तुम्ही एकदा इंजिन बघून 'हो' म्हणा, म्हणजे दुपारी त्याला कोर्टात उभा करतो."

"आणि वस्तादांचा मुलगा?"

"तो कुठला सापडतोय आता," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

बंदराच्या कचेरीतर्फे इंजिनं तपासायचं काम तिचं. धक्क्यावर सगळे तिला तपासणीबाई म्हणत. पाठीमागे आणखी काय काय म्हणत तेही तिला ठाऊक होतं, पण माणसांचं बोलणं मनावर घेत बसलं तर इंजिनं कोण बघणार? पाना हातात धरायला तिला वस्तादांनी शिकवलं होतं. मुलीच्या जातीला हे काय सुचलंय, असं सगळं बंदर म्हणत होतं तेव्हा वस्ताद एवढंच म्हणाले होते, "बोल्टाला कुठे कळतं कोण फिरवतंय ते." धक्क्यावरचे निम्मे मिस्त्री वस्तादांच्याच शेडमधून बाहेर पडलेले. फिटरही त्यातलाच.

आणि परवा सकाळी त्याच वस्तादांचा एकुलता एक मुलगा लाँच घेऊन बंदर सोडून निघाला होता. कायमचा. दुसऱ्या बंदरात त्याला काम लागलं होतं, बायको सामान घेऊन पुढे गेली होती. पहिल्या टप्प्यापर्यंत सोबत म्हणून फिटर बरोबर होता. लहानपणापासूनचे दोस्त.

बंदराला लाटा अडवणारी दगडी भिंत आहे आणि तिच्या तोंडाबाहेर वाळूचा उथळ पट्टा. चांगल्या दिवसातही तिथे लाट फुटते. इंजिन चालू असलं तर तो पट्टा कधी मागे पडला ते कळतसुद्धा नाही. लाँचचं इंजिन नेमकं तिथेच बंद पडलं. नांगर टाकला, पण वाळूत तो धरेना. लाँच लाटेला आडवी झाली आणि एका लाटेनं दोघांनाही धुऊन नेलं. फिटर हाती लागला. मुलगा नाही लागला. लाँच मात्र वाळूवर जाऊन सरळ बसली, काही झालंच नाही अशी.

*

इंजिनाच्या खोलीत वाकूनच उभं राहावं लागत होतं. बाईंनी दिवा टांगला आणि एकेक गोष्ट बघायला घेतली. साहेब वरून डोकावत होते.

"दिसला का घोटाळा?"

"आत्ताच तर उतरलेय."

तेल पातळीवर. थंड करणाऱ्या पाण्याच्या जाळीत ना शेवाळ ना प्लास्टिक. पंख्याला दोर गुंडाळलेला नाही. फिल्टरखालची काचेची वाटी स्वच्छ, तळाला पाण्याचा थेंब नाही की गाळाचा कण नाही. मग तिनं नवा फिल्टर बघितला. रबर जागेवर, बोल्ट घट्ट. हलगर्जीपणा म्हणायला काही जागाच नव्हती.

टाकीच्या काचेच्या नळीत डिझेल अर्ध्यावर दिसत होतं. ती जरा थबकली. वस्तादांचा दंडक सगळ्या बंदराला पाठ होता. परत आलात की टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या जागेत ओल धरते, ओलीचं पाणी होतं आणि पाणी इंजिनाला खातं. वस्तादांचा मुलगा जेवण चुकवील, पण हे चुकवणार नाही. आणि तो लांबच्या प्रवासाला अर्ध्या टाकीनं निघाला?

तिनं टाकीच्या झाकणाला हात घातला. ते हलेना. दोन्ही हातांनी जोर केला तेव्हा कुठे सुटलं, आणि सुटताना टाकीनं लांब श्वास आत ओढला. सूंऽऽऽ. पाठोपाठ टाकीचा आत गेलेला पत्रा 'ठप्' करून जागेवर आला.

"काय झालं?" साहेब वरून म्हणाले.

"काही नाही. झाकण घट्ट होतं."

ती वर आली आणि लाँचच्या कडेला पालथी पडून बाहेरच्या अंगाला चाचपू लागली. टाकीची हवेची नळी तिथे बाहेर निघते, तोंडावर बारीक जाळी. जाळी जागच्या जागी होती, स्वच्छ. तिनं जाळी काढून आत तार घातली. तार अडली. तिनं कोरून काढलं तेव्हा हातात मेणाचा गोळा आला, ग्रीसमध्ये मळलेला, अंगठ्यानं दाबून दाबून बसवलेला.

तिनं तो रुमालात बांधला. साहेबांना काही बोलली नाही. साहेबांना अर्धी गोष्ट सांगणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

*

चौकीत फिटर भिंतीला टेकून बसला होता. कपडे कुणीतरी दिलेले, मापाला मोठे. तिला बघून तो उठला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "ताई, माझ्याच हातून झालं. तुम्ही उगाच खटपट करू नका."

"बस. मी विचारते तेवढंच सांग. इंजिन खटकन बंद पडलं की रखडत?"

"रखडत. आवाज वरखाली व्हायला लागला. चढायचा, उतरायचा. मग मेलं."

"धूर?"

"नेहमीचाच. काळा नाही, पांढरा नाही."

"काटा?"

"गरम नव्हतं झालं. मागून पाणीही पडत होतं."

"म्हणजे डिझेल मिळत नव्हतं."

"हो ना. म्हणून मी एअर काढायला गेलो. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला." त्यानं स्वतःच्या बोटांकडे बघितलं. "एरवी तिथून बुडबुडे येतात आणि मग डिझेल येतं. परवा उलटंच. स्क्रूनंच हवा आत ओढली. म्हटलं, मी बसवलेला फिल्टर हवा खातोय. हातपंप मारला, डिझेल वर येईचना. एकदा धरलं इंजिनानं, जरा चाललं, परत गेलं. तो वरून ओरडत होता, लवकर कर, लवकर कर."

त्यानं मापाबाहेरच्या बाह्या वर सरकवल्या.

"टाकी अर्धी होती, ते तुला माहीत होतं?"

"हो. आदल्या दुपारी त्यानं उपसली. कॅन भरभरून घेऊन गेला. मी म्हटलं, अरे, वस्ताद बघतील तर कान उपटतील. म्हणाला, पहिल्या टप्प्याला एवढं पुष्कळ, तिथे भरू. आणि वस्तादांना यातलं अक्षर बोलू नकोस."

"कुठे नेलं?"

"नाही सांगितलं."

"बरं. लाँच धुताना हवेची नळी बंद करता ना तुम्ही?"

"लाल चिंधीनं. तिची शेपूट वीतभर बाहेर ठेवायची. म्हणजे काढायची विसरत नाही. वस्तादांचा नियमच आहे तो."

"आणि विसरली तर काय होतं?"

फिटर बुचकळ्यात पडला. "काय होणार? टाकीत पाणी जायचं नाही." मग जरा ओशाळून म्हणाला, "खरं सांगू का ताई, ते काही सांगितलं नाही वस्तादांनी. शेपूट ठेवा म्हणाले, आम्ही ठेवली. आजवर कुणी विसरलंच नाही, तर कळणार कसं?"

"परवाच्या आदल्या दिवशी नळी बंद केली होतीस?"

"नाही. धुतलीच नव्हती लाँच."

"आदल्या संध्याकाळी लाँचवर कोण कोण होतं?"

"आम्ही दोघं. नंतर वस्ताद आले. इंजिनावरून हात फिरवला. म्हणाले, जा रे, तिघांचा चहा घेऊन या, शेवटचा एकत्र पिऊ. आम्ही आणला, प्यायलो. सकाळी धक्क्यावर येणार नाही म्हणाले. बघवणार नाही म्हणाले."

"आणि सकाळी?"

"सकाळी नव्हतेच आले." त्यानं मान वर केली. "पण पाण्यातून मला वर काढलं ते वस्तादांनीच. कुठून आले देव जाणे. दोर फेकला, चांगला जाडजूड, ओढायचा दोर. मी धरला. मी धरला आणि तो माझ्यापासून हातभर लांब होता, ताई. हातभर."

बाहेर हवालदार खोकला. बाई उठल्या. त्यांना फिटरच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला, पण ते जमलं नाही.

*

वस्तादांची होडी दुपारी उतारावर लागली. परवापासून हेच चाललं होतं. सकाळी निघायचं, पट्टा, खडक, पलीकडची किनार, सगळं धुंडाळायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं. जेवणाचं कुणी विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचं. गुडघे इतके गेलेले की होडीतून उतरताना ते काठाला दोन्ही हातांनी धरत.

"ये पोरी," ते म्हणाले. "बघितलंस इंजिन?"

"बघितलं."

"फिटर काय म्हणतो? आवाज वरखाली व्हायला कुठे लागला? भिंतीच्या आत की बाहेर पडल्यावर?"

बाई होडीच्या काठावर बसल्या. सकाळपासून धक्क्यावर ज्यानं त्यानं त्यांना एकच विचारलं होतं. इंजिन का बंद पडलं? साहेबांनी तेच, हवालदारानं तेच, चहावाल्यानंसुद्धा तेच. ज्याचं पोर गेलं त्याला मात्र 'का' विचारायचंच नव्हतं. त्याला 'कुठे' हवं होतं.

"बाहेर पडल्यावर, वस्ताद. पट्टा समोर आल्यावर."

म्हाताऱ्यानं मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली.

होडीच्या मागच्या अंगाला ओढायचा जाड दोर नीट वेटोळं करून ठेवलेला होता. शेजारी होडीची छोटी टाकी. तिच्या नळीत डिझेल अर्ध्याहून वर दिसत होतं.

"तीन दिवस होडी फिरवताय," बाई म्हणाल्या. "डिझेल कुठून आणता?"

"आहे अजून."

"पंपावर गेला होतात?"

"या पायांनी? पंपाचा चढ मला कुठला झेपतोय. तोच आणून भरायचा." ते चिडले. "हे काय विचारतेस मध्येच? फिटरचं काय झालं ते सांग."

"थोड्या वेळात त्याला कोर्टात नेणार. माणूस मारल्याचा ठपका ठेवून. तो स्वतःच म्हणतोय, मी केलं."

वस्तादांनी मागचा दोर जवळ ओढला. त्याचं वेटोळं सोडून ते पुन्हा गुंडाळायला लागले. दोर मुळात नीटच होता.

बाईंनी रुमाल सोडला आणि मेणाचा गोळा दोघांच्या मध्ये फळीवर ठेवला.

वस्तादांनी तो बघितला. हात दोरावरच राहिला.

"टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते," बाई म्हणाल्या. शिकवणाऱ्यालाच शिकवावं लागत होतं. "बाटलीचं तोंड ओठांनी घट्ट धरून पाणी ओढलं तर दोन घोट येतात, मग बाटलीच ओठ ओढायला लागते. तसंच झालं. मी झाकण उघडलं तेव्हा टाकीनं श्वास घेतला, पत्रा आत गेला होता. फिटरनं स्क्रू उघडला तेव्हा त्यातूनही हवा आतच गेली. तो समजला आपला फिल्टर फुटका. त्याच्या फिल्टरला काही झालेलं नाही."

"मग चिंधी विसरला असेल कोणी."

"चिंधीला शेपूट असते. हे जाळीच्या आत होतं, आणि वरून जाळी परत बसवलेली होती. हे विसरलेलं नाही वस्ताद, हे केलेलं आहे."

उतारावर कोणी नव्हतं. लांब धक्क्यावर कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं.

"आधी मला वाटलं, कुणाला तरी त्याला मारायचं होतं. पण मारायला हा मार्ग कोण धरील? टाकी भरलेली असली की वर हवेला जागा नसते. नळी बंद असेल तर इंजिन लगेच अडतं. धक्का सोडून जरा पुढे गेलं की मेलं. टाकी अर्धी असली तर वरच्या हवेच्या जोरावर ते बरंच लांब जातं, थेट पट्ट्यापर्यंत. भिंतीच्या आत पाणी तळ्यासारखं असतं, तिथे इंजिन मेलं तर माणूस शिव्या देतो, दुसरं काही होत नाही. ज्यानं हे केलं त्याला लाँच भिंतीच्या आतच थांबायला हवी होती. त्याला मारायचं नव्हतं. परत आणायचं होतं."

"पुढे बोल," वस्ताद म्हणाले. शेडमध्ये पोरांचं पाठांतर ऐकताना म्हणायचे, त्याच आवाजात.

"टाकी अर्धी आहे हे फिटरला माहीत होतं, आणि तो स्वतः लाँचवर बसणार होता. पट्ट्यावर अडेल अशी सोय करून कुणी स्वतः त्यात बसत नाही. शिवाय नळी बंद झाली तर काय होतं हे त्याला माहीतच नाही. तुम्ही शेपूट ठेवायला शिकवलंत, का ते शिकवलं नाहीत. मलाही इथे नाही कळलं, दुसरीकडे काम करताना कळलं. या धक्क्यावर ते जाणणारी दोनच माणसं. एक मी."

त्या थांबल्या. अजूनही त्यांना वाटत होतं की म्हातारा रागावेल, नालायक म्हणेल, हाकलून देईल. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्ही दोघांना चहा आणायला पाठवलंत. सकाळी येणार नाही म्हणालात, आणि त्या पायांनी सकाळी होडी घेऊन आत भिंतीशी जाऊन थांबलात. ओढायचा दोर बरोबर घेऊन. तो अडला की तुम्ही ओढून परत आणणार होतात."

हातोडीचा आवाज थांबला होता. वस्तादांनी मेणाचा गोळा उचलला, अंगठा त्यातल्या खळग्यात ठेवला. बरोबर बसला.

"एकदाच," ते म्हणाले. "एकदाच बंद पडली असती तर तो चार दिवस थांबला असता. तपासत बसला असता, सापडलं नसतं. मी म्हटलं असतं, अरे, नाही जायचं असं दिसतंय. चार दिवसांत माणसाचं मन फिरतं. निदान चार दिवस घरात असता." त्यांनी गोळा फळीवर परत ठेवला. "मी बघत होतो गं. आता अडेल, आता अडेल. ती भिंतीजवळनं गेली. त्यानं मला बघितलं, हात हलवला. त्याला वाटलं बाप निरोप द्यायला आलाय. मी ओरडलो, थांब म्हटलं, पण इंजिनापुढे कोण ऐकतंय. मग मी मागे लागलो. ही होडी किती पळणार."

"मला तेव्हाच सांगायचं होतंत."

"सांगणारच होतो. म्हटलं आधी तो सापडू दे. मला आत टाकलं तर तो लागेल तेव्हा किनाऱ्यावर घरचं कोण असणार? सूनबाई तिकडे. म्हणून म्हटलं, तो लागू दे, मग जातो."

"आणि फिटर?"

"त्याला दोन दिवस बसावं लागेल, मग सुटेल असं वाटलं." त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "नाही. खोटं आहे ते. त्याचा विचारच केला नाही मी. चोर सोडून संन्याशाला सुळावर चढवत होतो, आणि कळत होतं."

बाईंना राग यायला हवा होता. आलाही होता. पण त्याच्या जोडीला इतकं काही आलं होतं की रागाला जागा उरली नव्हती.

"चला वस्ताद."

"येतो. पण एक सांग." त्यांनी तिचा हात धरला. "माझा हिशोब कुठे चुकला? भरल्या टाकीला ती भिंतीच्या आत अडायलाच हवी. एवढ्या वर्षांत त्यानं टाकी कधी अर्धी ठेवली नाही. त्याच दिवशी का?"

नाही माहीत, असं म्हणता आलं असतं. साहेब नाही विचारणार, कोर्ट नाही विचारणार. पण याच माणसानं तिला शिकवलं होतं की इंजिनाबद्दल खोटं बोलायचं नाही, दुसऱ्या बाबतीत काय वाटेल ते बोला.

"तुम्ही खरंच विचारताय?"

"दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

"तुम्हाला पंपाचा चढ झेपत नाही," बाई म्हणाल्या. "तो गेल्यावर तुमच्या होडीत डिझेल कोण भरणार होतं? आदल्या दुपारी त्यानं लाँचची टाकी उपसली आणि कॅन भरभरून आणले. तुमची टाकी गळ्यापर्यंत भरली. म्हणून तीन दिवस फिरवूनही ती संपत नाही. तुमच्या शेडच्या मागे बघा, उरलेले कॅन असतील. तुम्हाला सांगू नकोस म्हणाला फिटरला. तुम्ही रागावला असतात."

वस्ताद होडीच्या टाकीकडे बघत राहिले. मग हळूच वाकून त्यांनी नळीवर बोट ठेवलं, डिझेल जिथवर होतं तिथे.

"मी याच्यावर त्याला शोधतोय," ते म्हणाले.

त्यांनी तोंड दाबून धरलं, तरी आवाज बाहेर आलाच. बाई दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हातारा उठला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या खांद्याचा आधार मागितला.

*

चौकीत साहेबांनी सगळं ऐकलं. दोनदा ऐकलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सकाळचं आपलं उत्तर मागे घेऊन फिटरला सोडायला सांगितलं. हवालदारानं फिटरला बाहेर आणलं.

दारात दोघं समोरासमोर आले. फिटरला आतापर्यंत कुणीतरी सांगितलं असावं. तो वस्तादांवर धावून गेला नाही, शिवी दिली नाही. त्याच्या चेहऱ्यावर फक्त एक प्रश्न होता, शेडमध्ये एखादं इंजिन उघडून ठेवल्यावर असायचा तसा.

"वस्ताद, नळी बंद असताना बोटीवर काय करायचं? काय केलं असतं म्हणजे चाललं असतं?"

"जाऊ दे रे," बाई मध्येच म्हणाल्या.

"नाही ताई, मला कळू दे. मी खाली होतो. हातात पाना होता. इंजिन एकदा धरलंही होतं. काय करायला हवं होतं?"

वस्तादांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली.

"टाकीचं झाकण सैल करायचं," वस्ताद म्हणाले. "मग एअर काढायची. चाललं असतं."

"झाकण फक्त?"

"फक्त झाकण."

फिटर पायरीवर बसला. परवा इंजिनाच्या खोलीत टाकीचं झाकण त्याच्या डोक्याशीच होतं. वाकताना दोनदा लागलंही होतं, हे त्यानं मघाशी जबानीत सांगितलं होतं. हवालदारानं वस्तादांना आत नेलं, त्यांच्या गुडघ्यांमुळे उंबरठ्यापाशी बराच वेळ लागला.

"तू सुटलास," बाई म्हणाल्या. "घरी जा. तुझी काही चूक नाही, मी लिहून देतेय तसं."

फिटरनं मान हलवली. "सकाळपर्यंत बरं होतं, ताई. मला वाटत होतं मी बोल्ट कमी आवळला. माणसाच्या हातून चूक होते, शिक्षा भोगायची आणि संपवायचं. आता कळतंय की हाताशी होतं. नुसता हात वर करायचा होता."

तो तिथून उठला नाही. बाई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या, कारण त्याला एकटं टाकून जाणं बरं दिसलं नसतं.